हल्ल्यानंतर उजळलेली प्रतिमा कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा: परदेशात मोठा हल्ला झाला की दोन दिवसांत तिथला नेता सगळीकडे एकदम कणखर, खंबीर, देशाचा आधारस्तंभ म्हणून दिसू लागतो. कालपर्यंत ज्याच्या नावाने लोक बोटे मोडत होते, त्याचीच लोकप्रियता आकाशाला भिडते. मला हे सगळे ठरवून केलेले वाटते. मित्र म्हणतात, माणसे मेली आहेत आणि तुला राजकारण सुचते. शंका घेणे चूक आहे का? आणि घ्यायची तर कशी?

मी २६ वर्षे वर्तमानपत्रात आंतरराष्ट्रीय बातम्यांच्या डेस्कवर काम केले. अशा रात्री पान लावायला मीच बसलेलो असायचो. वृत्तसंस्थांच्या बातम्या दर दोन मिनिटांनी बदलत, मृतांचा आकडा चढत जाई, आणि पहिल्या पानाचा फोटो कोणता घ्यायचा यावर तासभर वाद चाले. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची शंका रास्त आहे, पण ती तुम्ही चुकीच्या जागी घेताय. नेत्याच्या डोळ्यांतले पाणी खरे की खोटे, हे ठरवायला तुमच्याकडे आणि माझ्याकडे काहीही साधन नाही. त्यात शिरलात की तुम्ही फक्त स्वतःची आवडनिवड सांगत बसता. त्याला कोणती गोष्ट केव्हा कळली होती आणि तो लोकांशी केव्हा काय बोलला, हे मात्र आज ना उद्या कागदावर येते. शंकेचे काम तिथे आहे.

आधी लोकप्रियतेच्या त्या उसळीबद्दल. ११ सप्टेंबर २००१ च्या आदल्या दिवसांत गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या बाजूने ५१ टक्के लोक होते. हल्ल्यानंतर तीन-चार दिवसांत ८६ टक्के, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ९० टक्के. एवढ्या दिवसांत बुश यांनी कारभारात अशी कोणती करामत केली होती? काहीच नाही. लोक बुश यांच्याकडे नव्हे, अमेरिकेच्या अध्यक्षपदाकडे पाहत होते. जॉन म्युलर या राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्येच याची मांडणी केली होती: संकट बाहेरून आले, अचानक आले आणि थेट अध्यक्षांशी जोडले गेले की लोक झेंड्याभोवती गोळा होतात. केनेडींचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातले सरकार उलथवण्यासाठी आखलेली बे ऑफ पिग्जची मोहीम पार फसली. मोहीम त्यांच्याच सरकारची, फजितीही त्यांचीच, आणि तरी लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली. म्हणजे या उसळीला कामगिरीचे प्रमाणपत्र समजणे हीच पहिली चूक. कार्टर यांचेही तेच. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीवर जमाव चालून गेला, माणसे ओलीस धरली गेली. तेव्हा त्यांना ३२ टक्के पाठिंबा होता, तो दोन-तीन महिन्यांत ५८ वर पोहोचला. ओलीस ४४४ दिवस अडकून राहिले आणि पुढच्या नोव्हेंबरात कार्टर निवडणूक हरले.

मग ही लाट चढते कशाने? रिचर्ड ब्रॉडी या अभ्यासकाचे उत्तर मला सर्वांत पटते, कारण ते मी डेस्कवर रोज पाहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की अशा वेळी विरोधी पक्ष गप्प बसतो किंवा सरकारच्या पाठीशी उभा राहतो. बातमीदाराला टीका करणारा मोठा माणूसच सापडत नाही. साहजिकच बातमीत एकच आवाज उरतो, आणि वाचणाऱ्याला वाटते, सगळेच म्हणताहेत तर माणूस बरोबरच वागत असणार. पहिल्या तीन दिवसांच्या बातम्या काढून पाहा. अवतरणचिन्हांत कोण कोण आहे ते मोजा. नेता, त्याचे मंत्री, पोलीसप्रमुख, परदेशी पाहुणे. विरोधकाचे एखादे वाक्य शेवटच्या परिच्छेदात, तेही ‘आम्ही सरकारसोबत आहोत’ एवढेच. हे कुणी कट करून घडवलेले नसते, पण त्यातून तयार होणारी प्रतिमा एकतर्फी असते.

आता फोटो. तुम्हाला सगळ्यात जास्त खटकते ते हेच असणार.

१४ सप्टेंबर २००१ चा फोटो आठवा. न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यावर बुश उभे आहेत, एका हातात भोंगा, दुसरा हात एका निवृत्त अग्निशामक जवानाच्या खांद्यावर. ते बोलायला लागले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडले, ऐकू येत नाही. त्यावर बुश म्हणाले, मला तुमचा आवाज ऐकू येतोय, आणि ज्यांनी या इमारती पाडल्या त्यांनाही लवकरच आपला आवाज ऐकू येईल. ते लिहून आणलेले भाषण नव्हते. क्षण खरा होता. मी त्या फोटोला कधीही बनावट म्हणणार नाही.

पण याच बुश यांच्या टेबलावर ६ ऑगस्ट २००१ ला गुप्तचरांचे एक टिपण आले होते. त्याचे शीर्षकच होते की बिन लादेन अमेरिकेत हल्ला करायच्या निर्धारात आहे. ते टिपण लोकांसमोर यायला १० एप्रिल २००४ उजाडला. फोटो तीन दिवसांत जगभर गेला, कागदाला अडीच वर्षांहून जास्त लागली. फोटो खरा आणि कागदही खरा. तुमची शंका या दोन तारखांच्या मधल्या अंतरावर घ्या: हे अंतर एवढे का पडले, कुणी पाडले? स्वतंत्र चौकशी आयोगाला बुश सरकारचा सुरुवातीला विरोध होता. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी त्या कायद्यावर सही केली, ती मृतांच्या नातेवाइकांनी पिच्छा पुरवला म्हणून. न्यू जर्सीच्या चार विधवा त्यात सर्वांत पुढे होत्या. आणि हेच तुमच्या मित्रांना माझे उत्तर आहे. ‘माणसे मेली आहेत, आत्ता प्रश्न नकोत’ असे म्हणणारे बहुतेक वेळा मेलेल्यांच्या घरचे नसतात. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनाच सर्वांत आधी जाणून घ्यायचे असते की हे टाळता आले असते का. पहिले एक-दोन दिवस गप्प राहायला माझी काहीच हरकत नाही, दुःखाचा मान ठेवावाच. पण सुतकाचे दिवस किती, हे सरकारने ठरवू नये.

फोटो पाहताना आम्ही दोन गोष्टी पाहायचो, त्या तुम्हीही पाहू शकता. एक, फोटोओळ. वृत्तसंस्थेच्या फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव आहे, की ‘हँडआउट’ म्हणजे कार्यालयाने पुरवलेला फोटो असे लिहिले आहे? हँडआउट असेल तर तिथे बाहेरचा कॅमेरा नव्हता आणि त्या वेळच्या शंभर फोटोंतून हा एक निवडणारा माणूस नेत्याच्या पगारावर होता, हे ध्यानात घ्या. दुसरे, चौकट. फोटो किती जवळून घेतला आहे आणि कडेला काय कापले आहे?

या दुसऱ्या गोष्टीचा धडा ११ जानेवारी २०१५ ने दिला. पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या कार्यालयावर आणि ज्यूंच्या दुकानावर झालेल्या हल्ल्यांनंतर विराट मोर्चा निघाला. चाळीसहून अधिक देशांचे नेते हातात हात घालून चालले. समोरून, कमरेच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत वाटते की हे सगळे लाखोंच्या अग्रभागी आहेत. मग वरून घेतलेले दृश्य आले. नेत्यांचा गट एका बंदोबस्तातल्या रस्त्यावर, त्यांच्या मागे थोडेसे लोक, त्यामागे मोकळा रस्ता. जनतेचा मोर्चा वेगळा. यावरून पुष्कळ लोक ‘सगळे नाटक’ म्हणाले. मला ते पटत नाही. इतक्या राष्ट्रप्रमुखांना लाखोंच्या गर्दीत सोडणे कोणत्याही पोलीसप्रमुखाला शक्य नव्हते. चूक आमची होती, फोटोखाली ‘जनसागराचे नेतृत्व करताना’ असे लिहिणाऱ्यांची. नेते चालले हे खरे, नेतृत्व करत होते हे खोटे. तेव्हापासून फोटोओळीतले क्रियापद मी दोनदा तपासू लागलो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही प्रत्येक पुरवलेला फोटो खोटा मानाल. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांचा डोक्यावर ओढणी घेतलेला, चेहऱ्यावर दुःख दाटलेला फोटो जगभर गाजला. तो शहर परिषदेच्या छायाचित्रकाराने खिडकीच्या काचेतून टिपलेला होता. म्हणजे शंका घ्यायला जागा होती. पण मी तारखा पाहिल्या. हल्ला १५ मार्चचा, आणि १० एप्रिलला लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारे विधेयक संसदेत ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर. चौकशीसाठी रॉयल कमिशन, म्हणजे उच्चस्तरीय चौकशी आयोगही नेमला गेला. प्रतिमा आणि काम यांच्यातले अंतर २६ दिवसांचे. तिथे शंका आपोआप विरते, कुणी समजूत काढावी लागत नाही.

नेत्याची प्रतिमा हल्ल्यानंतर उलटते कशी, हे समजायला मात्र माद्रिदइतके चांगले उदाहरण नाही. मी त्या चार दिवसांच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत.

११ मार्च २००४, गुरुवार. सकाळी साडेसातच्या सुमारास, कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, चार लोकलगाड्यांत दहा स्फोट. १९० हून अधिक मृत्यू. निवडणूक रविवारी, म्हणजे तीनच दिवसांवर. पंतप्रधान होसे मारिया अझ्नार स्वतः उभे नव्हते, त्यांच्या पक्षाकडून मारियानो राहॉय होते आणि पाहण्यांत पक्ष थोडासा पुढे होता. अझ्नार यांची सगळी ओळख दहशतवादाशी झुंजणारा माणूस अशी. १९९५ मध्ये बास्क फुटीरवाद्यांच्या एटा संघटनेने केलेल्या बॉम्बहल्ल्यातून ते स्वतः वाचले होते. अशा माणसाची लाट यायला हवी होती, नाही का?

त्या दिवशी अझ्नार यांनी मोठ्या वर्तमानपत्रांच्या संपादकांना स्वतः फोन करून सांगितले की हे एटाचे काम आहे. सरकारने वकिलातींनाही तेच कळवले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी केलेल्या निषेधाच्या ठरावात, स्पेनच्या आग्रहावरून, एटाचे नाव घातले गेले. पण गाड्या जिथून निघाल्या त्या अल्काला दे एनारेस स्टेशनबाहेर पोलिसांना एक व्हॅन मिळाली होती. तिच्यात डिटोनेटर, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या नळ्या, आणि अरबी भाषेतली एक ध्वनिफीत. संध्याकाळी गृहमंत्री आन्खेल आसेबेस यांनी ही गोष्ट जाहीर केली, पण मुख्य संशय एटावरच असल्याचे सांगितले. रात्री एका न फुटलेल्या पिशवीत मोबाइल सापडला. त्यातल्या कार्डावरून पोलीस शनिवारी पाच जणांपर्यंत पोहोचले. तीन मोरोक्कोचे, दोन भारतीय वंशाचे, आणि त्या दोघांचा संबंध पुढे फोन विकण्यापुरताच निघाला. तोपर्यंत शुक्रवारी लाखो लोक पावसात रस्त्यावर आले होते. ते झेंड्याभोवती गोळा झाले होतेच, पण एक प्रश्न विचारत: कोणी केले? शनिवारी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर संदेश गेले आणि सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर गर्दी जमली. रविवारी मतदान वाढले आणि समाजवादी पक्षाला १६४, अझ्नार यांच्या पक्षाला १४८ जागा मिळाल्या.

अनेकांनी तेव्हा लिहिले की स्पेनची जनता दहशतवाद्यांना घाबरली. मी हे मानत नाही. पहिल्या दिवशी एटावर संशय घेणे मुळीच गैर नव्हते, तिथला कुठलाही जाणता माणूस तेच म्हणाला असता. विरोधकही म्हणाले. गैर हे की तपास दुसरीकडे, इस्लामी अतिरेक्यांकडे, वळल्याचे दिसू लागल्यावरही सरकार पहिल्याच वाक्याला चिकटून राहिले, कारण दुसरे उत्तर राजकीयदृष्ट्या महाग होते. इराकमध्ये स्पेनचे सैन्य पाठवायला बहुसंख्य जनतेचा विरोध होता आणि हल्ला त्या रागातून झाला असेल तर दोष सरकारच्या दारात येत होता. लोकांनी अझ्नार यांचा चेहरा वाचला नाही, घड्याळ वाचले. व्हॅन केव्हा सापडली, तुम्ही केव्हा सांगितले, आणि सांगताना पहिल्या शंकेवर एवढा जोर का दिला. दहा वर्षे कमावलेली प्रतिमा तीन दिवसांच्या त्या हिशेबात गेली.

तुमच्यासारख्या शंकेखोर वाचकांसाठी याहून महत्त्वाचे उदाहरण १९९८ चे आहे, कारण तिथे शंका घेणारेच चुकले. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले, २२४ माणसे गेली. १७ ऑगस्टला अध्यक्ष क्लिंटन यांनी मोनिका लेविन्स्की प्रकरणात ग्रँड ज्युरीसमोर साक्ष दिली आणि देशासमोर कबुली. २० ऑगस्टला क्षेपणास्त्रे सुटली, अफगाणिस्तानातल्या तळांवर आणि सुदानमध्ये खार्टूमच्या अल-शिफा औषध कारखान्यावर. तीन दिवसांचे अंतर पाहून जगभर एकच वाक्य ऐकू आले: लफड्यावरून लक्ष उडवायला बॉम्ब टाकले. संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांना पत्रकार परिषदेत थेट त्याच अर्थाचा प्रश्न विचारला गेला. आम्हीही मथळ्याच्या खाली हा संशय ठळक अक्षरांत दिला. आज मला त्याची रुखरुख वाटते.

कारण त्या गदारोळात खरा प्रश्न बाजूला पडला: अल-शिफाच का? पुरावा म्हणून सांगितला जात होता कारखान्याजवळच्या मातीचा एक नमुना, ज्यात विषारी वायूचा घटक सापडल्याचा दावा होता. तो दावा पुढे कधीच नीट उभा राहिला नाही, आणि गरीब देशातला औषधे बनवणारा मोठा कारखाना जमीनदोस्त झाला होता. हा प्रश्न कागदाचा होता, उत्तर मागता येण्यासारखा होता. ‘अध्यक्षांच्या मनात काय होते’ या प्रश्नाला उत्तर नव्हते, त्यामुळे तो अनंतकाळ चघळता आला. आणि त्याची किंमतही पडली. पुढे ११ सप्टेंबरच्या आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले की त्या हल्ल्यांचे अपयश, लक्ष उडवल्याचा तो आरोप, त्या काळातली टोकाची पक्षीय भांडणे आणि अल-शिफाचा कच्चा पुरावा, या सगळ्याचा मिळून बिन लादेनविरुद्ध पुन्हा बळ वापरण्याच्या निर्णयांवर बहुधा परिणाम झाला. मनोवृत्तीवर घेतलेली शंका फुकट नसते.

याच जातीचा आणखी एक संशय तारखांनीच खोडून निघतो. २३ ऑक्टोबर १९८३ ला बैरुतमध्ये अमेरिकी मरीनांच्या तळावर ट्रकबॉम्ब फुटून २४१ सैनिक गेले, आणि दोनच दिवसांनी अध्यक्ष रेगन यांनी ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर सैन्य उतरवले. बैरुतची नामुष्की झाकायला ग्रेनाडा, असे अजूनही सहज म्हटले जाते. पण ग्रेनाडातला सत्तापालट आणि पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या १९ ऑक्टोबरपर्यंत झालेली होती आणि तिथल्या मोहिमेची तयारी बैरुतच्या आधीच सुरू होती. ग्रेनाडाची बातमी रेगन यांना पथ्यावर पडली, हे म्हणा. त्यासाठीच घडवली, असे म्हणू नका.

आणि कधी कधी लाट येतच नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली, २५१ जणांना ओलीस नेले. देश एकवटला, पण नेतान्याहूंभोवती नाही. ज्याने वर्षानुवर्षे सुरक्षेच्या नावावर मते मागितली, त्याच्याच कारकिर्दीत सुरक्षा कोसळली, तेव्हा प्रतिमा वाचवायला काही उरले नव्हते. त्यात त्यांनी महिनाअखेरीस मध्यरात्रीनंतर समाजमाध्यमावर लिहिले की गुप्तचर आणि सुरक्षाप्रमुखांनी आपल्याला इशारा दिला नव्हता. टीका होताच मजकूर काढला, माफी मागितली. मी मात्र पाहतो ते दुसरेच. १९७३ च्या योम किप्पूर युद्धानंतर काही महिन्यांतच, त्या वेळच्या गाफिलपणाची चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगाचा पहिला अहवाल आला होता. त्याने राजकीय नेतृत्वाला दोषातून जवळजवळ सोडले, तरी लोकांचे समाधान झाले नाही आणि एप्रिल १९७४ मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला. २०२३ नंतर वर्ष उलटले तरी तसा सरकारी आयोग नेमलाच गेला नव्हता. युद्ध चालू असताना चौकशी नको, हे कारण दिले गेले. गोल्डांचा आयोग नेमला गेला तेव्हा सीमेवरच्या तोफा अजून पुरत्या थंडावल्या नव्हत्या.

तेव्हा करायचे काय? मी एक वही ठेवायचो, अजूनही ठेवतो. डाव्या पानावर नेता काय म्हणाला, तारीख आणि शक्य तर वेळ. उजव्या पानावर ती गोष्ट सरकारला केव्हा कळली होती असे नंतर उघड झाले. पहिल्या आठवड्यात उजवे पान जवळजवळ कोरे राहते. त्या कोऱ्या पानाची घाई करून ते स्वतःच्या तर्कांनी भरू नका. सहा महिन्यांनी, वर्षाने भरत जाते. तोवर मित्रांशी वाद घालायची गरज नाही, आणि गप्प बसायचीही नाही. ‘चौकशी कोण करणार आणि अहवाल केव्हा?’ एवढे विचारत राहा. यात कुणाच्याही दुःखाचा अपमान नाही.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगतो. माझ्या वहीत दोन्ही पाने मोकळेपणाने भरू दिलेला नेता कोण, तर नॉर्वेचे तेव्हाचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग. २२ जुलै २०११ ला ऑस्लोतल्या सरकारी इमारतींजवळचा बॉम्ब आणि उतोया बेटावरचा गोळीबार, मिळून ७७ मृत्यू. दोनच दिवसांनी ऑस्लोच्या कॅथेड्रलमध्ये ते म्हणाले, आमचे उत्तर आहे अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा. शब्द सुंदर होते आणि पाठिंबा वाढला. पण महिना उलटायच्या आत त्यांच्या सरकारने स्वतंत्र आयोग नेमला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. तो त्यांच्याच सरकारवर कठोर होता. ग्रुबेगाता हा सरकारी इमारतींसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचा निर्णय २००४ मध्येच झाला होता. सात वर्षांत तो अमलात आला नाही, आणि बॉम्बची गाडी इमारतीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बेटाकडे निघालेल्या पोलिसांची रबरी बोट जास्त माणसे चढल्याने मध्येच बंद पडली. ठरलेले सुरक्षा उपाय वेळेवर केले असते तर सरकारी इमारतींवरचा हल्ला रोखता आला असता, असे आयोगाने स्पष्ट लिहिले.

स्टोल्टेनबर्ग यांनी अहवाल स्वीकारला, जबाबदारी माझी असे सांगितले, संसदेत उभे राहून उत्तरे दिली. राजीनामा दिला नाही, त्यावर देशात मतभेद झाले. २०१३ च्या निवडणुकीत त्यांचे सरकार गेले. कॅथेड्रलमधल्या भाषणाचे कात्रण माझ्या वहीत अजून आहे. त्याच्या समोरच्या पानावर मी ग्रुबेगाता आणि २००४ असे लिहून ठेवले आहे.